अनुकंपावर मिळालेली सरकारी नोकरी हा मेरिटवर अन्याय नाही का?

तुम्ही विचारलंय, चार वर्षं अभ्यासिकेत घासणारा पोरगा बाहेर आणि ज्याचे वडील नोकरीत असताना गेले तो परीक्षा न देता आत, हा कुठला न्याय? मी त्या आत गेलेल्यांपैकी. नाशिकमध्येच, गट क, लिपिक. तेव्हा उत्तर एकतर्फी वाटलं तर वाटू द्या.

कायद्याचं आधी उरकतो. संविधानाच्या कलम 16 प्रमाणे सरकारी नोकरीत सगळ्यांना समान संधी. अनुकंपा हा त्याला अपवाद आहे, हक्क नाही. सुप्रीम कोर्टानं 1994 साली उमेश कुमार नागपाल खटल्यात हेतू सांगितला: कमावता माणूस अचानक गेला तर घर तेवढ्या वेळेपुरतं सावरावं. म्हणून नोकरी फक्त खालच्या दोन वर्गांत, घर खरंच अडचणीत आहे का ते बघून. आणि फार काळ लोटल्यावर ती द्यायची नाही, हेही त्यातच आहे.

आता माझं ऐका. वडील गेले तेव्हा मी बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला. वर्षाच्या आत अर्ज केला, वारस दाखला, आईचं आणि बहिणीचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र, सगळं जोडलं. नाव प्रतीक्षायादीत लागलं. नवी यादी लागली की सिडकोतून गाडी काढायची आणि फलकाच्या काचेवर बोट टेकवून खाली खाली सरकायचं. 118. मग 112. मग दोन वर्षं 97 वरच, कारण जागाच भरल्या नाहीत. माझ्या पुढचा एकजण 45 वर्षं पूर्ण झाली म्हणून यादीतून निघाला. माझा नंबर एकानं वर आला आणि मला बरं वाटलं होतं.

ऑर्डर आली आठव्या वर्षी. तोवर मी अंबडच्या कंपनीत कंत्राटावर रात्रपाळ्या केल्या होत्या, आईनं दोन घरच्या पोळ्या धरल्या होत्या, बहिणीचं लग्न झालं होतं, पतसंस्थेचं कर्जही फिटलं होतं. ज्या अडचणीसाठी नोकरी द्यायची ती संपल्यावर नोकरी आली. तुमचा मुद्दा मला इथे टोचतो. पहिल्या वर्षी मिळाली असती तर मी मान वर करून सांगितलं असतं.

जागा गेली का? गेली. रिक्त जागांतला ठरावीक टक्का अनुकंपाला जातो, तेवढ्या परीक्षेतून कमी होतात. त्यावर राग असेल तर मी काय बोलणार! पण काहीच परीक्षा नाही असं म्हणू नका. लागल्यावर मिनिटाला 30 शब्दांची मराठी टायपिंगची परीक्षा मीही दिली. दुसऱ्या खेपेला पास झालो.