ऑडिट झालं, पण भूकंपाचं काय?

प्रश्न : आमची कोथरूडमधली सोसायटी चार मजली, खाली पार्किंग. बांधून तीस वर्षं होऊन गेली. नुकतंच स्ट्रक्चरल ऑडिट झालं, अहवाल चांगला आहे. मोठा भूकंप झाला तर इमारत आणि आमची गल्ली कितपत तग धरेल, हे आम्हाला ओळखता येईल का? – एक वाचक, पुणे

उत्तर : आधी तो अहवाल नीट वाचा. तीस वर्षांपुढच्या इमारतीचं ऑडिट दर ३ वर्षांनी करायचं असतं, पण त्यात बहुधा गळती, गंजलेल्या सळ्या, सुटलेलं प्लास्टर एवढंच बघतात. भूकंपाचे आडवे हिसके इमारत पेलेल का, ही तपासणी वेगळी. ती मुद्दाम मागावी लागते.

मला खरी काळजी वाटते ती तुमच्या पार्किंगची. वरच्या मजल्यांना विटांच्या भिंतींचा आधार, खाली नुसते कॉलम. हादरा बसला की सगळा ताण त्या कॉलमांवर. २६ जानेवारी २००१च्या भुजच्या भूकंपाचं केंद्र अहमदाबादपासून २०० किलोमीटरहून लांब होतं, तरी तिथे कितीतरी बहुमजली इमारती पडल्या आणि त्यांत अशा मोकळ्या तळमजल्याच्या पुष्कळ होत्या. आणि पुण्याला काही होत नाही, असं कृपा करून म्हणू नका. १९९३पूर्वी किल्लारीसुद्धा नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यातच होतं.

रविवारी टॉर्च घेऊन खाली उतरा. कॉलमवर उभी भेग आणि तिच्या कडेने तांबूस ओघळ दिसला, तर आतली सळी गंजली आहे असं समजा. पाइपासाठी कुणी कॉलमची कड फोडली आहे का, तेही बघा. गच्चीवर नंतर बसवलेली हजार लिटरची टाकी भरली की एक टन वजन, तेही सगळ्यांत वर!

मग गल्लीतून चक्कर मारा. शेजारची इमारत अगदी खेटून असेल आणि दोघींचे स्लॅब वरखाली असतील, तर एकीचा स्लॅब दुसरीच्या कॉलमच्या मधोमध आदळतो. दुतर्फा गाड्या लागल्यावर अग्निशमनचा बंब आत येतो का? गल्लीला दुसरं तोंड आहे का? वरच्या मजल्यावर एकटे राहणारे आजी-आजोबा कोण, हे शेजाऱ्यांना ठाऊक हवं.

हे सगळं टिपून इंजिनिअरला दाखवा आणि ‘आयएस १५९८८’ (जुन्या आरसीसी इमारती भूकंपासाठी तपासून मजबूत करण्याचं भारतीय मानक) याप्रमाणे तपासणी करा, असं लेखी सांगा. बहुतेक तो काही कॉलमांना जॅकेटिंग, म्हणजे भोवती नव्या सळ्या-काँक्रीटचं वेष्टण, आणि मध्ये एखाद-दोन आरसीसी भिंती सुचवेल. दोन-चार गाड्यांची जागा जाईल, सभेत त्यावरून वाद होतील. तरी ठराव करून घ्याच.