नीट तिसऱ्यांदा, पण कोणाची?

(जुळे सोलापूरहून एका वडिलांचं पत्र आहे. मुलीने दोनदा नीट दिली, मार्क कमी पडले. आजोबांना ब्रेन ट्यूमर झाल्यापासून ती स्कॅनवरून गाठ मोजणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मागे लागलीय. 'लॅपटॉप काढून घेतलाय. तिसऱ्यांदा बसवू का?')

'आम्ही दोनदा नीट दिली', 'आमचे मार्क गेले', असं तुम्ही लिहिता. परीक्षेला ती बसली होती. दोन पानी पत्रात तिचं स्वतःचं वाक्य एकच आहे: "बाबा, आजोबांच्या दोन रिपोर्टांत गाठीचं माप वेगळं कसं?" त्याला तुम्ही खूळ म्हणता. मला तेच पत्रातलं सगळ्यात शहाणं वाक्य वाटलं. लॅपटॉप काढून घेतल्याचं वाचून तर रागच आला.

'मोजायचं काय, कॉम्प्युटर बटण दाबलं की मोजतो,' हा तुमचा गैरसमज. जुनी पद्धत अशी की स्कॅनच्या ज्या स्लाइसमध्ये (मेंदूच्या पातळ कापासारख्या चित्रात) गाठ सर्वांत मोठी दिसते, तिथे एकमेकांना काटकोनात दोन व्यास घ्यायचे. गाठ वेडीवाकडी असली की स्लाइस निवडण्यातच दोन डॉक्टरांचं माप वेगळं येतं. सॉफ्टवेअर प्रत्येक स्लाइसमध्ये गाठीची कड शोधतं आणि सगळ्या स्लाइस जोडून घनफळ काढतं. ही कड ओळखायला ते शिकतं डॉक्टरांनी हाताने आखलेल्या शेकडो स्कॅनवरून. ३० मिमी व्यासाची गोल गाठ ३३ मिमी झाली तर घनफळ तब्बल एक तृतीयांशाने वाढतं. म्हणजे कड जराशी चुकली तरी आकडा केवढा चुकेल! शिवाय रेडिएशननंतर नुसत्या उपचाराने झालेल्या बदलांमुळेही गाठ वाढल्यासारखी दिसू शकते, तिथे निर्णय डॉक्टरचाच. पण कड शोधायचं काम गणिताचं आणि प्रोग्रामिंगचं आहे. त्याला एमबीबीएस लागत नाही.

बारावीला तिने गणितही ठेवलंय, हे तुम्ही शेवटच्या ओळीत उरकलंत. मग सीईटी देऊन कॉम्प्युटर किंवा बायोमेडिकल इंजिनिअरिंग, नाहीतर गणित-संख्याशास्त्रात बीएस्सी. थ्रीडी स्लायसर आणि आयटीके-स्नॅप ही स्कॅनवर गाठ आखायची सॉफ्टवेअर फुकट मिळतात. मेंदूतल्या गाठीची कड कोणाचं सॉफ्टवेअर नेमकी शोधतं, याच्या २०१२पासून चालणाऱ्या 'ब्रॅट्स' स्पर्धेतले, रुग्णाची ओळख काढलेले स्कॅनही अभ्यासाला मिळतात.

तिसऱ्यांदा नीट, माझ्या मते नको. तिलाच डॉक्टर व्हायचं असेल तर गोष्ट वेगळी, पण तसं पत्रात कुठेच नाही. लॅपटॉप आजच परत द्या. पुढचं पत्र तिला लिहू दे आणि तुम्ही न वाचता पाठवा.