मेकॅनिकल कीबोर्ड घेतल्याने खांदेदुखी थांबेल का?

प्रश्न : मी एका पतसंस्थेत हिशेबाच्या नोंदी करते आणि रोज सुमारे सात तास संगणकासमोर बसते. काही महिन्यांपासून संध्याकाळ झाली की उजवा खांदा भरून येतो आणि मनगट ठणकते. मुलगा महागडा मेकॅनिकल (प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्प्रिंगचा स्विच असलेला) कीबोर्ड घ्यायला सांगतो. त्याने फरक पडेल का? माऊसही बदलावा का?
— एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : आपण खांद्याचा उल्लेख मनगटाच्या आधी केला आहे, आणि मलाही तोच अधिक महत्त्वाचा वाटतो. नंबर पॅड, म्हणजे उजवीकडचा आकड्यांच्या कळांचा गट, असलेला नेहमीचा कीबोर्ड सुमारे ४५ सेंटीमीटर रुंद असतो. माऊस त्याच्या उजव्या टोकापलीकडे ठेवला की दर वेळी हात अंगापासून दूर पसरावा लागतो, आणि तो तसा तोलून धरण्याचे काम दिवसभर खांद्याच्या स्नायूंवर पडते. कीबोर्ड कितीही महाग असला तरी त्याची रुंदी तीच राहिली, तर हा ताण कमी होणार नाही.

दुसऱ्या कोणाला मी नंबर पॅड नसलेला, सुमारे ३६ सेंटीमीटरचा कीबोर्ड सुचवला असता. परंतु आकडे हेच आपले काम असल्याने नंबर पॅडवाचून आपली अडचण होईल. तेव्हा प्रथम माऊस डाव्या हाताला घेऊन पाहावा. संगणकाच्या सेटिंगमध्ये त्याची बटणे उलट करता येतात, मात्र माऊस दोन्ही बाजूंनी सारख्या आकाराचा हवा. सुरुवातीचे काही दिवस हात अडखळेल, पण उजव्या हाताने आकडे आणि डाव्या हाताने माऊस अशी विभागणी एकदा अंगवळणी पडली की कामालाही गती येते. हे जमलेच नाही, तर लहान कीबोर्ड आणि सुटा यूएसबी नंबर पॅड घ्यावा, म्हणजे नको तेव्हा पॅड बाजूला सारून माऊस जवळ ओढता येतो.

मुलाचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. साध्या कीबोर्डची कळ बहुधा तळापर्यंत दाबावी लागते, तर मेकॅनिकलमध्ये सुमारे ४ मिलिमीटरच्या प्रवासात साधारण निम्म्यावरच अक्षराची नोंद होते, म्हणून हलका हात असलेल्यांना तो सुखाचा वाटतो. मात्र तो बऱ्याचदा जाड असतो आणि मनगट वर उचलले जाते. त्यातून घ्यायचाच असेल, तर टकटक आवाज न करणाऱ्या कळांचा घ्यावा, कारण शेजारी बसणाऱ्यांचाही विचार करायला हवा. कोणताही कीबोर्ड असो, त्याचे मागचे पाय मिटूनच ठेवावेत. ते उघडल्याने मनगट मागे मोडते, आणि आपल्या ठणक्याचे एक कारण तेही असू शकते.

कार्यालयातील टेबल साधारण ७५ सेंटीमीटर उंच असते आणि मध्यम उंचीच्या स्त्रीला ते बहुधा उंचच पडते. खुर्ची इतकी वर घ्यावी की कोपर कीबोर्डच्या पातळीला येईल, आणि पाय लोंबकळत असतील तर खाली पाट ठेवावा.

माऊस फार लहान नसावा, कारण बोटे आखडून धरावी लागतात. उभ्या घडणीच्या माऊसमध्ये हात हस्तांदोलनासारखा राहतो आणि कोपर ते मनगट या भागाचा पीळ कमी होतो. पण तो बहुधा एकाच हातासाठी घडवलेला असतो, हे डाव्या हाताचा विचार करताना ध्यानात ठेवावे. आपल्याकडे मे महिन्यात कूलरची दमट हवा आणि तळहाताचा घाम यांची गाठ पडते, त्यामुळे रबरी लेपाचा माऊस कालांतराने चिकट होतो. साध्या प्लास्टिकचा बरा.

अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर होत असेल किंवा रात्री मुंग्यांमुळे जाग येत असेल, तर खरेदी बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवावे. तसे काही नसेल, तर सीताबर्डीवर खरेदीला जाताना एक काळजी घ्यावी. दुकानाच्या काउंटरवर उभ्याने हात ठेवून पाहिल्यास बसल्यावरचा कोन कळत नाही; म्हणून खुर्ची मागून घ्यावी आणि पाच-दहा मिनिटे बसून आकडे टंकून पाहावेत.