एक्स्चेंज (शेअर बाजार) ब्रोकरला चार्जेसमध्ये सूट देतं, मग ऑप्शनमधला (ठरलेल्या भावाने खरेदी-विक्रीच्या हक्काच्या सौद्यातला) माझा खर्च कमी का होत नाही?

ती सूट आता बंद आहे. पूर्वी मोठ्या उलाढालीच्या ब्रोकरला एक्स्चेंज कमी दर लावायचं. तो आपल्याकडून वरचा दर घेऊन फरक ठेवायचा. सेबीने (शेअर बाजारावर नियंत्रण ठेवणारी संस्था) १ ऑक्टोबर २०२४ पासून सगळ्यांना एकच दर केला.

आता खर्च बघा. समजा प्रीमियम, म्हणजे ऑप्शनची किंमत, ५,००० रुपये आणि ब्रोकरेज ऑर्डरमागे २०. घेतला-विकला की ४०, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४७.२०. जवळपास एक टक्का इथेच गेला! एसटीटी (सौद्यावरचा सरकारी कर), स्टॅम्प ड्युटी, एक्स्चेंजचे चार्जेस वेगळेच. आपल्या नाशिकला कॉलेज रोडवर मोबाइलवरून दिवसभर छोटे सौदे करणाऱ्या पोरांना कळकळीने सांगतो, संध्याकाळी कॉन्ट्रॅक्ट नोट (ब्रोकरने पाठवलेला दिवसाच्या सौद्यांचा आणि खर्चाचा हिशोब) उघडा आणि नफा-तोटा हे सगळं वजा करूनच मोजा.