ग्राहकगळती उणे कशी?

प्रश्न: पॉवर बीआयमध्ये (डेटाचे अहवाल आणि आलेख बनवायचं सॉफ्टवेअर) मागच्या महिन्याच्या ग्राहकसंख्येतून या महिन्याची वजा करून मी गळतीचा दर (सोडून गेलेल्या ग्राहकांची टक्केवारी) काढते. कधी कधी तो उणे येतो. असं का?

उत्तर: नवे ग्राहक गेलेल्यांना झाकतात म्हणून. आधी होते 200, गेले 30, नवे आले 40, म्हणजे आता 210. तुमचं सूत्र म्हणणार उणे 5 टक्के, खरी गळती 15. आकडे नकोत, याद्या वजा करा. ‘एक्सेप्ट’ (EXCEPT, म्हणजे ‘वगळून’) फंक्शनला आधी मागच्या महिन्याच्या ग्राहकांची यादी द्या, मग या महिन्याची. उरले ते गेलेले. त्यांची संख्या मागच्या महिन्याच्या संख्येने भागा. (क्रम उलटलात तर नवे आणि परतलेले ग्राहक मिळतात. तेही मी बघतोच.) चालू महिना मात्र आलेखात ठेवू नका, डेटा अर्धवट असतो आणि साहेब उगाच घाबरतात.