नातवंडांना दुरुस्तीच्या कामात घ्यावं का?

प्रश्न: वय ६८, सिडकोत राहतो. शनिवार-रविवारी नातवंडं येतात, नात नऊ वर्षांची, नातू सहाचा. गेल्या रविवारी मोरीतला नळ गळत होता म्हणून पाना-पकड घेऊन बसलो तर दोघं मागेच लागली, आम्हाला पण करू दे, सून म्हणाली बाबा लागेल त्यांना, मग टीव्हीसमोर बसवलं. नळ काही झाला नाही आणि पोरंही हिरमुसली. बेडरूमचं दारपण पावसाने घट्ट झालंय. काय करावं?
– एक आजोबा, नाशिक

उत्तर: काका, घ्याच त्यांना. सूनबाईंची काळजी खरी आहे, म्हणून लाइटचं काम, स्टुलावर चढायचं काम आणि करवत हे पोरं असताना काढायचंच नाही. बाकी करा.

शनिवारी संध्याकाळी दार घ्या. रंधा अजिबात मारू नका, पावसाळ्यात लाकूड ओल धरून फुगतं, आत्ता तासलं तर हिवाळ्यात फट पडते. आधी बिजागरीचे स्क्रू बघा, ते ढिले झाले की दार झुकून घासतं. एखादा नुसताच फिरत असेल तर तेवढा एकच काढा, काडेपेटीच्या काड्यांचं गुल मोडून टाका, फेव्हिकॉल लावून काड्या भोकात ठासायच्या आणि रात्रभर वाळू द्यायचं, सकाळी स्क्रू पिळला की घट्ट बसतो. काड्या ठासायला सहा वर्षांच्या मुलाची बोटं एकदम बरोबर मापाची असतात. दार घासतं तिथे मेणबत्ती चोळायला द्या.

रविवारी नळ. पण पाना हातात घ्यायच्या आधी नातीला घड्याळ देऊन मिनिटाचे थेंब मोजायला लावा. सेकंदाला एक पडला तर दिवसाचे ८६,४००, साधारण २० थेंबांचा एक मिली धरला तर चार लिटरच्या वर पाणी गेलं. माझ्या नातवाने रात्री नळाखाली तांब्या ठेवला होता, सकाळी काठोकाठ, म्हणाला आज्जी हे गंगापूर धरणातून इतक्या लांब आलं आणि मोरीत गेलं, आणि मला खरंच भरून आलं हो.

मग टाकीचा कॉक बंद करून नळातलं उरलेलं पाणी सोडून द्या. जुना आट्यांचा नळ असेल तर स्पिंडल, म्हणजे मुठीखालचा दांडा, खोलून त्याच्या टोकाचा वायसर, म्हणजे छोटी चकती, पोरांच्या हातात द्या, त्यावर गोल खाच पडलेली दिसेल, पाणी तिथूनच झिरपतं. तोच वायसर घेऊन दुकानात जा, नुसतं अर्धा इंची सांगून आणलेला कधी कधी बसत नाही, आणि येताना मिसळ खाऊन या सगळे. पाव फेऱ्यात उघडणारा नवीन नळ असला तर वायसर नसतो, पूर्ण स्पिंडलच बदलायचा. बसवताना पहिले दोन-तीन आटे पोरांना हातानेच फिरवू द्या, अडकलं तर उलटं फिरवून परत सुरुवात, पाना लावायचं काम मात्र तुमचं.

वेळ दुप्पट लागेल, लागू द्या. कॉक उघडाल तेव्हा दोघांना नळापाशी उभं करा, नातीच्या हातात घड्याळ, थेंब परत मोजायला.