आर्केडची कमान

प्रश्न असा आहे: "माळा आवरताना नव्वदच्या दशकातला, वरून विटा पडणारा हातातला गेम सापडला. मुलगा म्हणतो, हा आर्केड गेम. बरोबर आहे का? आणि आर्केडला मराठीत काय म्हणायचं?"

बरोबर नाही. ठोकळ्याठोकळ्यांचं चित्र आणि टूंटूं आवाज असला की लावलं त्याला 'आर्केड', हे ऐकून कान किटले आहेत. आर्केड हे मुळात जागेचं नाव आहे. तिथे जाऊन, नाणं किंवा टोकन टाकून ज्यावर खेळायचं, ते यंत्र आर्केडचं. खिशात मावतो आणि सेलवर चालतो, तो हातातला गेम. त्याचं घराणंच वेगळं. अमेरिकेत मिल्टन ब्रॅडली कंपनीने १९७९ साली 'मायक्रोव्हिजन' काढला, कॅसेट बदलता येणारा पहिला हातातला गेम. पडदा अवघा १६ बाय १६ ठिपक्यांचा, आणि प्रोसेसर यंत्रात नाही तर दर कॅसेटमध्ये वेगळा! पुढच्याच वर्षी जपानमध्ये निन्टेन्डोचे 'गेम अँड वॉच' सुरू झाले. तुमच्या माळ्यावरचा गेम या घराण्यातला. आता शब्दाकडे वळू.

लॅटिनमध्ये 'आर्कुस' म्हणजे धनुष्य. धनुष्यासारखी वाकलेली म्हणून दगडी कमानही आर्कुस. त्यावरून इटालियनमधून फ्रेंचमध्ये 'आर्काद', म्हणजे कमानींची रांग. इंग्रजीत गेल्यावर वर छप्पर आणि दोन्ही बाजूंना दुकानं असलेली गल्लीही आर्केड झाली. लंडनची बर्लिंग्टन आर्केड १८१९ची. एकोणिसावं शतक संपता संपता अमेरिकेत एका सेंटचं नाणं टाकून बघायची-ऐकायची यंत्रं एका जागी मांडू लागले, ती 'पेनी आर्केड'. कमानी गेल्या, नाव राहिलं, आणि १९७१चा 'कॉम्प्युटर स्पेस' नि १९७२चा 'पाँग' हे नाणं टाकून खेळायचे व्हिडिओ गेम त्याच नावाखाली येऊन बसले.

आणि आपली 'कमान'? ती फारसी, आणि फारसीतही तिचा पहिला अर्थ धनुष्य! 'तीरकमान' म्हणतो तेव्हा तोच अर्थ आपल्या तोंडी असतो. मुळं निराळी, भाषा निराळ्या, पण लॅटिनने आणि फारसीने धनुष्यावरून थेट इमारतीवर एकच उडी मारली. मुंबईत दादाभाई नौरोजी रस्त्यावर पावसाळ्यात छत्री न उघडता दुकानं बघत जाता येतं ना? १८९६च्या नियमाने तिथल्या इमारतींना रस्त्याच्या बाजूने कमानींखालची वाट ठेवावी लागली. अस्सल आर्केड ती.

पण माझा जीव आहे तो कमानीच्या तिसऱ्या अर्थावर. ट्रकवाला 'मागची कमान तुटली' म्हणतो, घड्याळजी 'कमान बदलावी लागेल' म्हणतो. वाकते आणि सोडली की जागेवर येते, ती कमान. म्हणजे स्प्रिंग. आणि नाण्यावर चालणाऱ्या खेळयंत्रांचा इतिहास नेमका स्प्रिंगपाशी जातो. अमेरिकेत सिनसिनाटीत राहणाऱ्या माँटेग्यू रेडग्रेव्हने १८७१ साली बॅगाटेल या टेबलावर चेंडू ढकलायच्या खेळातल्या सुधारणांचं पेटंट घेतलं. चेंडू काठीने ढकलायच्या ऐवजी स्प्रिंगच्या दट्ट्याने उडवायचा, ही त्यातली युक्ती. पिनबॉल तिथूनच आला. बंद पडलेल्या एका व्हिडिओ गेम पार्लरमधलं यंत्र मी उघडून पाहिलं आहे. बटणाखाली धातूच्या दोन पातळ पट्ट्या होत्या. बटण दाबलं की एक वाकून दुसरीला टेकायची, सोडलं की मागे यायची. ट्रकच्या कमानीची नातच ती! ज्या पट्टीवर 'मुस्तफा' खेळणाऱ्यांनी शेकडो टोकनं खर्ची घातली (कॅपकॉमच्या १९९३च्या 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'ला आपल्याकडे कोणी खऱ्या नावाने ओळखतच नव्हतं), ती कमानच होती. म्हणून मी 'कमानी खेळ' असा शब्द सुचवतो. आर्केडचा मूळ अर्थ त्यात आहे आणि यंत्राच्या पोटातली स्प्रिंगही.

परिभाषा घडवणाऱ्यांना हे पटत नाही. त्यांना 'नाणकचलित क्रीडायंत्र' हवं. दहा वर्षांच्या पोराने हा शब्द एकदा उच्चारून दाखवावा, मी माझा शब्द मागे घेईन.

त्याहून जास्त राग येतो तो लॅटिन 'आर्का' म्हणजे पेटी, यंत्र पेटीत असतं, म्हणून आर्केड, असं छातीठोक सांगणाऱ्या पंडितांचा. अहो, पेटीत पडदा बसायच्या कितीतरी आधी हा शब्द दुकानांच्या गल्लीला चिकटला होता! दुसरे ग्रीसमधल्या आर्केडिया प्रांताकडे बोट दाखवतात. नुसत्या उच्चाराच्या सारखेपणावर नातं जुळवायचं तर मग आपली 'अर्क' काढायची भट्टीही आर्केडच म्हणा.

मुलाला एक सवलत मात्र देतो. कोलेको या अमेरिकन कंपनीने १९८२च्या सुमारास 'डाँकी काँग', 'फ्रॉगर' वगैरे खेळांची टेबलावर ठेवायची छोटी यंत्रं काढली, हुबेहूब पार्लरमधल्या यंत्रासारखी, वर नावाची पाटी आणि खाली इवलासा दांडा. त्यांना 'छोटं आर्केड' म्हटलं तर मी अडवणार नाही. तुमच्या विटांच्या गेमला नाही.